आवाजाची शेपटी

भिकन मास्तरांपुढे ठेवलेला चहा निवणार, हे आमच्या केंद्रात ठरलेलंच होतं. वर साय धरायची, माशी दोन फेऱ्या मारून जायची, आणि मास्तर समोर बसून म्हणायचे, "व्हई जाऊ द्या, मंग." हातातलं काम पुरतं होईपर्यंत ते कपाला बोट लावत नसत, आणि काम होईपर्यंत चहा मोरीत ओतायच्या लायकीचा झालेला असे. सुरुवातीला मला वाटलं, माझा चहाच बरा नसेल. दोनदा आलं जास्त घातलं, एकदा वेलची घातली. मग नाद सोडला. म्हटलं, असतं एकेकाचं.

केंद्र म्हणजे सुरतेच्या गोडादरा भागातली एका मंडळाची दुमजली इमारत. खाली चार साधे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, वर दोन खोल्या. लूम चालवायला शिकायला आसपासच्या वस्तीतले लोक यायचे, बहुतेक खानदेशचे. खाली मास्तर शिकवायचे. वरच्या एका खोलीत मी, म्हणजे हजेरी लावणारी, प्रमाणपत्रं छापणारी आणि संगणक नावाच्या वस्तूला जे काही होईल त्याला जबाबदार असलेली बाई. माझे वडील बँकेच्या बदलीवर सुरतेला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे माझं घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि रिक्षावाल्याशी भांडण हिंदीत. मास्तर अमळनेरकडचे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी लूमच्या खात्यात काढलेली. खातं म्हणजे इथे कारखाना, हे मला बँकवाल्याच्या मुलीला उशिराच कळलं. माझ्याशी ते जपून शुद्ध बोलायला जायचे, पण दुसऱ्याच वाक्याला त्यांची अहिराणी वर यायची. 'आहे'च्या जागी 'शे' आला की समजायचं, मास्तर आता मनापासून बोलताहेत.

काळजी करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. खिशात दोन पेनं, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून, आणि पिशवीत तिसरं, कारण दुसऱ्याचा काय भरवसा. संध्याकाळी मेन स्विच बंद केल्यावर ते तो डोळ्यांनी पाहायचे, बोटाने पाहायचे, आणि कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत जाऊन पुन्हा पाहायला यायचे. कुलूप लावलं की ओढून बघायची सवय. एकदा इतकं ओढलं की कडी-कोयंडा उखडून हातात आला, आणि सगळं केंद्र सताड उघडं टाकून आम्ही सुतार शोधत हिंडलो. हसून हसून माझी पुरेवाट झाली. मास्तर हसले नाहीत. ते म्हणाले, बरं झालं, ढिलं होतं ते आज तरी कळलं.

ढिलं. हा शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा. लूम चालू असताना ते एकेकाच्या सांगाड्यावर तळहात टेकवत मधून चालायचे आणि एखाद्यापाशी थबकून म्हणायचे, खालची पट्टी ढिली झालीय. पाना लावून पाहिलं तर झालेली असायचीच. "मशीन बोलस, ताई," ते मला सांगायचे, "आपनच आयकतस नही." मला चारही लूमचा मिळून एकच खडखडाट ऐकू यायचा आणि दुपारनंतर डोकं उठायचं.

आता गंमत अशी, की या माणसाला ऐकू येत नव्हतं. आधी येत होतं, मग कमी होत गेलं, आणि मी नोकरीला लागले तोवर बरंचसं गेलं होतं. कुणाच्या लक्षात येत नसे, कारण खात्यातली माणसं एरवीही कानांनी बोलत नाहीत. त्या गोंगाटात कोण ऐकणार? ती समोरच्याचे ओठ वाचतात आणि हातांनी खुणा करतात. मास्तर तर दहा हातांवरून कुणाचे ओठ वाचत. मला कळलं ते असं, की मी कपाटात तोंड घालून फाइल शोधत होते आणि पंखा बंद करू का म्हणून तीनदा विचारलं. उत्तर नाही. चिडून वळले आणि चौथ्यांदा विचारलं, तर लगेच म्हणाले, करा ना. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना कळलं की मला कळलंय.

"कोनले सांगू नका," ते म्हणाले. "बहिरा मास्तर आवाज शिकाडस, आशे म्हनतीन लोके."

लूम नुसते बघून त्यांना निम्मं कळायचं आणि उरलेलं ते तळहाताने काढायचे, सांगाड्यावर हात टेकवून. पण बारीक आवाज हाताला लागत नाहीत. ते पूर्ण जायच्या आत कुठेतरी ठेवून द्यायचे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. वर्षभर ते स्वतःच्या फोनवर व्हिडिओ काढत होते. एकूण एक्केचाळीस. प्रत्येकात एक बिघाड. आधी मास्तर फोनजवळ तोंड आणून ओरडून सांगतात की काय ढिलं झालंय, मग म्हणतात, "हाऊ आवाज आयका," आणि गप्प होतात. मग नुसता लूम बोलतो.

मंडळाने वेबसाइट काढायची ठरवली आणि हे व्हिडिओ तीवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी म्हटलं, त्यात काय, दोन दिवसांत टाकते. मास्तरांनी वही उघडली.

व्हिडिओ कुठे ठेवायचे, यावर त्या वहीत पानभर प्रश्न होते. व्हिडिओच्या मधे दुसरं कुणी घुसेल का? संपल्यावर शेजारी काय दाखवतील? साध्या फोनवर, तुटपुंज्या नेटवर चालेल का? आणि ज्याच्याकडे ठेवू तो उद्या दुकान बंद करून गेला तर? मी म्हटलं, मास्तर, मुलगी देताना लोक एवढं विचारत नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, विचारायला पाहिजे.

पहिल्यांदा आम्ही फुकटातली, सगळं जग जिथे व्हिडिओ टाकतं अशी एक जागा पाहिली. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं धर्मशाळा. कुणीही या, कुठेही पथारी टाका. मी नमुन्याला एक व्हिडिओ चढवून लावला. मास्तर "आयका" म्हणून गप्प झाले आणि तेवढ्यात पत्त्यांच्या खेळाची जाहिरात सुरू झाली, एक गुळगुळीत माणूस पैसे उधळत नाचायला लागला. मास्तरांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं, जाहिरात आहे, पाच सेकंदांनी घालवता येते. पुढचं त्याहून वाईट होतं. व्हिडिओ संपल्यावर बाजूला आणखी काही दिसले, त्यातला एक लूमचाच होता. कुठल्याशा खात्यातला धोटा उडून माणसाला लागतो आणि वर हसण्याचा आवाज जोडलेला. धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारं ते लाकडी, टोकदार होडकं. मास्तरांचा चेहरा उतरला. ते उठून खाली निघून गेले.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना विचारलं, की चौदा नंबरचा व्हिडिओ सगळ्यात आधी टाका, सगळ्यात आधी टाका, असं का म्हणताय एवढं? तेव्हा त्यांनी सांगितलं.

लूम नीट असेल तर धोटा कडेच्या पेटीत जाऊन थडकतो, खट्ट. एक आवाज, स्वच्छ. पेटीकडचं ढिलं झालं की धोटा थडकून किंचित मागे येतो, आणि त्या खट्टला मागे बारीकसा 'क' लागतो. खट्ट-क. मास्तर म्हणायचे, आवाजाला शेपटी फुटली. शेपटी फुटली की धोटा आज ना उद्या उडणार. तरुणपणी त्यांच्या शेजारच्या लूमवर सुकदेव नावाचा दोस्त होता, गावचाच. एका सकाळी मास्तरांनी सुकदेवच्या लूमची शेपटी ऐकली. पाना हातात घेतला, तेवढ्यात चहावाला किटली घेऊन आला. मास्तर म्हणाले, चहानंतर बघू. दोन घोट झाले होते. धोटा उडाला आणि सुकदेवचा डावा डोळा गेला.

"त्याले आजून ठाऊक नही, ताई," मास्तर म्हणाले. "मी आयकेल व्हतं."

टेबलावर माझा तो मूर्ख चहा साय धरून बसला होता. मी कप उचलून मोरीत ओतला.

मग मी जागा शोधायला लागले ती डोळ्यांत तेल घालून. मंडळाच्या स्वतःच्या सर्व्हरवर टाकून पाहिलं, तर मास्तरांच्या फोनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. ते म्हणाले, हे फिरून होईतोवर दहा धोटे उडतील. शेवटी पैसे भरून वापरायची एक सेवा सापडली. मधे जाहिरात नाही, शेजारी कुणी नाही, नेट कमी झालं तर चित्र आपोआप हलकं होतं. वहीतल्या एकेका प्रश्नावर मास्तरांनी बरोबरची खूण केली. एक्केचाळीस व्हिडिओ चढले. मास्तरांचा फोन भरून सारखा अडकायचा, म्हणून मीच म्हटलं, आता वर सुखरूप आहेत, फोनमधले काढून टाका. ते म्हणाले, राहू द्या की. मी हट्टाने काढून टाकायला लावले. तपासले मी सगळे, म्हणजे प्रत्येकाचं पहिलं अर्धं मिनिट. मास्तरांचा आवाज इतका खणखणीत ऐकू येत होता, की मी मंडळाच्या अध्यक्षांना सांगत सुटले, स्टुडिओत केल्यासारखे झालेत. आवाज येतो का, हा प्रश्न ना मास्तरांच्या वहीत होता, ना माझ्या डोक्यात. व्हिडिओ म्हटल्यावर तो येणारच.

व्हिडिओ चढल्यापासून अकराव्या दिवशी मास्तर वर आले आणि चौदा नंबर लावा म्हणाले. माझ्या संगणकाला दोन काळे स्पीकर होते. त्यांनी एकावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. पडद्यावर मास्तर ओरडले, पेटीकडे बोट दाखवलं, आणि "हाऊ आवाज आयका" म्हणून गप्प झाले. स्पीकरवरचा हात तसाच. मग त्यांनी दुसऱ्या स्पीकरला हात लावून पाहिला. मग डोळे उघडले.

"ताई, हाई लूम बंद शे."

मी म्हटलं, बंद कसा असेल, पडद्यावर चालतोय ना. आणि बोलता बोलता मी ऐकलं. पहिल्यांदा नीट ऐकलं. मास्तर गप्प झाल्यावर तिथे काहीही नव्हतं. धोटा पळत होता, फणी आपटत होती, आणि आवाज शून्य.

त्या सेवेत 'आवाज स्वच्छ करा' अशी एक सोय होती आणि ती आपोआप चालू असायची. माणसाचा आवाज ठेवायचा, मागचा गोंगाट पुसायचा. तिने एक्केचाळीस व्हिडिओंतला गोंगाट इमानदारीने पुसला होता. बहिऱ्या माणसाला हाताने जे कळलं, ते मला दोन धडधाकट कान असून कळलं नव्हतं. मी सेवेला कळवळून लिहिलं, मूळ फाइल परत द्या. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. उत्तर आलं, की मूळ फाइल आम्ही थोडेच दिवस ठेवतो, ती मुदत गेली. फोनमधल्या मी काढायला लावल्या होत्या. आणि पाहणाऱ्यांचा आकडा दाखवत होता, चौदा नंबर त्रेपन्न वेळा पाहिला गेला होता. म्हणजे आम्ही लोकांना शिकवत होतो की धोटा उडायच्या आधी काहीच ऐकू येत नाही.

मी मास्तरांपुढे रडले, सरळ रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, आधी ते काढून टाका. मी सगळे काढले. मग ते म्हणाले, परत करू.

चाळीस व्हिडिओ महिन्याभरात पुन्हा झाले. मास्तर बिघाड करायचे, मी ऐकायची, आवाज आला की मान हलवायची. चौदा नंबर आम्ही दोघंही टाळत होतो. त्याच्यासाठी चांगला लूम मुद्दाम धोकादायक करावा लागणार होता. आणि पहिल्या वेळी शेपटी त्यांना स्वतःला ऐकू आली होती. आता ती येत नव्हती, हातालाही लागत नव्हती. म्हणजे सगळा भरवसा माझ्या कानांवर, ज्या कानांनी आधीच दिवे लावले होते.

एका रविवारी सकाळी, केंद्रात दुसरं कुणी नसताना, आम्ही ते केलं. लूमच्या दोन्ही बाजूंना मास्तरांनी जाड फळ्या उभ्या केल्या, वरून जाळी टाकली. मला खांबामागे स्विचपाशी उभं केलं. सांगितलं, शेपटी आली की हात वर करा, मी दहा बोटं मोजीन, मग स्विच पाडा. त्याआधी पाडू नका, कारण शिकणाऱ्याच्या कानात बसायला दहा तरी ठोके लागतात. फोन स्टँडवर लावला. ते फोनशी तोंड नेऊन पूर्वीसारखंच बोलले. मग थोडं थांबून, पूर्वी नव्हतं असं एक वाक्य बोलले.

"हाऊ आवाज मी एकदाव आयका आनि चहा पेत बसनू. मना दोस्तना डोया गया."

मी खांबामागून स्विच चालू केला. लूम सुरू झाला. मास्तरांनी नट थोडा सैल केला आणि माझ्याकडे पाहिलं. खट्ट, खट्ट. मी मान हलवली, नाही. आणखी थोडा. नाही. आणखी थोडा. आता मला वाटलं आली, आणि वाटलं नाही आली. छाती इतकी धडधडत होती की तिचाच आवाज मधे येत होता. मास्तर घामाने डबडबलेले, माझ्या हाताकडे डोळे लावून. आणखी पाव फेरा. आणि मग आली. खट्ट-क. खट्ट-क. इतकी बारीक, की एवढ्याशा आवाजापायी डोळा जातो यावर विश्वास बसू नये. मी हात वर केला. मास्तरांनी एक बोट उघडलं, दुसरं उघडलं. ती दहा बोटं उघडेपर्यंत मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय बोलले, ते आता आठवत नाही. स्विच पाडला आणि तिथेच फरशीवर बसले. मास्तरांनी आधी नट आवळला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, आणि मगच फोन बंद केला.

वर आल्यावर मी विचारलं, की ते मधलं वाक्य कापू का. ते म्हणाले, नको. टाकायच्या आधी एकाला दाखवायचंय. दुसऱ्या दिवशी ते फोन घेऊन सुरतेजवळच्या सचिन गावाला गेले, सुकदेवच्या घरी. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. मी खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाले, त्याने पूर्ण पाहिला, आणि परत लाव म्हणाला.

या वेळी जागा मी निवडली. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवणारी, आणि आवाजाला आपणहून हात न लावणारी. एक्केचाळीसही व्हिडिओ कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. मूळ फाइलींची एक प्रत केंद्रात ठेवली, एक मंडळाच्या कपाटात, आणि तिसरी माझ्या घरी, कारण दुसरीचा काय भरवसा.

त्यानंतर मास्तरांनी स्वतःच अध्यक्षांना सांगितलं की मला ऐकू येत नाही, आणि काम सोडून लेकीकडे अमळनेरला राहायला जायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी आम्ही नव्या तुकडीला वरच्या खोलीत बसवून व्हिडिओ दाखवले. त्यांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. स्पीकरला हात लावायला ते आले नाहीत. पडद्याकडे पाठ करून, शिकणाऱ्यांकडे तोंड करून भिंतीशी उभे राहिले. मी चौदा नंबर लावला. पडद्यावरचे मास्तर बोलले, ते एक वाक्यही बोलले, आणि गप्प झाले. खोलीत लूम घुमायला लागला. खट्ट, खट्ट, खट्ट. मास्तर एकेकाचा चेहरा बघत होते. मग शेपटी फुटली. पुढच्या बाकावरचा एक माणूस, आधी सहा महिने एका खात्यात लूमवर काम केलेला, मांडीवर हात ठेवून बसला होता. त्याचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि लूम थांबवायचं हँडल जिथे असतं तिथे, हवेत, गेला. तो स्वतःच ओशाळला आणि हात मागे घेतला.

मास्तरांनी तो हात पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्या रविवारसारखाच हात वर केला.

ते माझ्या टेबलापाशी आले. तिथे सवयीने ठेवलेला कप होता, कधीचा गार झालेला. त्यांनी बोटाने साय बाजूला सारली आणि उभ्या उभ्या तो सगळा चहा पिऊन टाकला.

"साखर कमी शे, ताई," ते म्हणाले.